रेड डेड रिडेम्प्शन २ : २२ तास झाले, अजून दुसऱ्याच अध्यायात

पावशेर | शुक्रवार, रात्री ११:४०

मंडळी, उशिरा का होईना, घोड्यावर बसलो.

हा गेम पीएस ४ आणि एक्सबॉक्सवर २६ ऑक्टोबर २०१८ ला आला, पीसीवर नोव्हेंबर २०१९ मध्ये. तेव्हा माझ्या जुन्या संगणकाला तो झेपला नसता, आणि घरात तान्हं मूल होतं त्यामुळे मलाही झेपला नसता. आता ग्राफिक्स कार्ड बदललंय, स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) सेल लागला होता. १५० जीबी जागा करायला लग्नाचे व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर हलवले (घरी अजून सांगितलेलं नाही) आणि रात्रभर डाउनलोड लावून झोपलो.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. साल १८९९. डच व्हॅन डर लिंड नावाचा एक गोडबोल्या म्होरक्या, त्याची वीसेक माणसांची टोळी, आणि त्या टोळीतला जुना गडी आर्थर मॉर्गन, म्हणजे आपण. ब्लॅकवॉटर नावाच्या गावात बोटीवरचा दरोडा फसलाय, माणसं मेलीत, पैसा तिथेच अडकलाय आणि टोळी बर्फात पळत सुटलीय. २०१० मध्ये आलेला पहिला भाग १९११ सालात घडतो, म्हणजे हा दुसरा भाग त्याच्या आधीची गोष्ट सांगतो. पहिला भाग मी खेळलेलो नाही. त्यामुळे कोण जगणार नि कोण मरणार हे मला ठाऊक नाही आणि कृपया सांगू नका.

सुरुवात कंटाळवाणी आहे. स्पष्टच बोलतो. पहिला अख्खा अध्याय कोल्टर नावाच्या ओसाड वस्तीत, गुडघाभर बर्फात. चाला, घोडा हाका, कुणीतरी बोलतंय ते ऐका, पुन्हा चाला. बर्फ मात्र असा केलाय की पाय ओढत गेलं की मागे चर पडत जातो. मी एकदा नुसता गोल गोल फिरून बघितलं. स्टीमवर दोन तासांच्या आत खेळलेला गेम परत करता येतो. मी कोल्टरमधून खाली उतरलो तेव्हा घड्याळात तीन तास झाले होते. योगायोग म्हणायचा की हिशेब, तुम्हीच ठरवा.

मग गाड्या डोंगर उतरून हिरवळीत आल्या आणि माझं परत करायचं डोक्यातून गेलं. हॉर्सशू ओव्हरलुक म्हणून एका कड्यावर टोळी तळ टाकते, खाली नदी वाहते, जवळच व्हॅलेंटाइन नावाचं चिखलाचं गाव. पहिल्या रात्री मी तळावर काहीच केलं नाही. पिअर्सन आचाऱ्याच्या पातेल्यातलं कालवण खाल्लं, कॉफी घेतली, शेकोटीपाशी बसून राहिलो. हावियेर गिटार वाजवत होता, कुणीतरी कुणाशी तरी भांडत होतं. दोन दिवस तळावर फिरकलं नाही की परत आल्यावर टोमणे मिळतात. अंघोळ केली नाही तरी मिळतात. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला यात नवीन काहीच नाही.

आई संध्याकाळी वाटाणे सोलत शेजारी बसते. तिला बंदुकांशी घेणंदेणं नाही. तिचं लक्ष घोड्याकडे. "अरे, केवढा दमलाय तो, त्याला आधी खायला घाल." घातलं. गाजर दिलं, मान थोपटली, अंगावरचा चिखल ब्रशने काढला. हे सगळं केलं की घोडा खरंच जास्त ऐकतो. मी त्याचं नाव इंग्रजी अक्षरांत 'ढवळ्या' ठेवलंय. हरणाचं कातडं सोलायची वेळ आली तेव्हा आई वाटाणे घेऊन आत गेली. तो प्रकार फार सावकाश आणि फार खरा दाखवलाय.

आता कुरकुर. कंट्रोलरवर एकच बटण हात मोकळा असला तर समोरच्याला 'काय पाव्हणं' करतं, आणि हातात बंदूक असली तर त्याच्यावर नेम धरतं. व्हॅलेंटाइनमध्ये एका म्हाताऱ्याला राम राम करायला गेलो, तो किंचाळत पळाला, पोलीस आले, आणि पाच मिनिटांत माझ्या डोक्यावर इनाम. लांब पल्ल्याच्या बंदुका खोगिरालाच राहतात, आठवणीने काढून घ्याव्या लागतात. मी अस्वलासमोर पिस्तूल घेऊन उभा राहिलोय. आणि कसलीही वस्तू उचलायची तर आर्थर वाकणार, हात पुढे करणार, उचलणार, बघणार, खिशात घालणार. लुटायला निघालोय की वाणसामान भरायला, कळत नाही.

पण हा धागा काढला तो या कुठल्याच कारणाने नाही.

टोळीत स्ट्रॉस नावाचा एक ऑस्ट्रियन आहे. चष्मा, वही, हळू आवाज. तो नडलेल्या लोकांना व्याजाने पैसे देतो आणि वसुलीला आर्थरला पाठवतो. इंग्रजीचा गंध नसलेल्या एका पोलिश शेतकऱ्याच्या घरातलं किडुकमिडुक मी उचलून आणलं. तेव्हाच कसंतरी झालं. मग थॉमस डाउन्स. हा तोच माणूस, जो गावातल्या मारामारीत मध्ये पडून 'पुरे, मरेल तो' म्हणाला होता. कुंपणाशी राबत होता, खोकत होता. त्याला मारायचं. मारल्याशिवाय पुढे जायला काही वाट आहे का म्हणून मी दोनदा सेव्ह लोड केलं. नाही. तो आर्थरच्या तोंडावर खोकला, रक्त उडालं, बायको-पोरगा बाहेर आले. मी गेम बंद केला.

रेल्वे लुटताना मला काही वाटलं नव्हतं. दुकान लुटताना तर मजाच आली. आणि इथे, चार गुद्द्यांना, झोप गेली. आमची आजी सांगायची, सावकाराचा माणूस लांबून दिसला की घरातले बाप्ये मागच्या दाराने शेतात जायचे आणि ती चुलीपुढे बसून 'घरात कोणी नाही' म्हणायची. मी २२ तास ज्या माणसाची दाढी करतोय, टोप्या बदलतोय, तो त्या गोष्टीतला 'लांबून दिसलेला' माणूस आहे.

तुमचं काय झालं होतं तिथे? आणि मिशनमध्ये निवड का देत नाहीत हे लोक?

---

वाकडी_वाट | शनिवार, सकाळी ७:१५

पावशेरदादा, सकाळी सकाळी लेख वाचून पुन्हा इन्स्टॉल करावासा वाटला. माझा दोनदा पूर्ण झालाय, त्यामुळे तोंडाला कुलूप.

एकच सांगते, दुसऱ्या अध्यायात जितकं राहता येईल तितकं राहा. शिकार करा, मासे धरा, अनोळखी लोकांच्या भानगडीत पडा. गोष्ट कुठे पळून जात नाही. आणि आर्थरची डायरी उघडून बघितलीत का? जिथे जिथे जाता तिथलं तो लिहितो, प्राण्यांची चित्रं काढतो. तोंडाने कुणाला नीट दोन शब्द बोलत नाही, आणि वहीत बघा! मला तो माणूस डायरीतच भेटला.

घोड्याबद्दल: नकाशाच्या पश्चिमेला वर डोंगरात लेक इझाबेला म्हणून तळं आहे. तिथे बर्फात पांढरा अरबी घोडा फिरत असतो. हळू जा, बुजत असेल तर थांबा, दोर टाका. ढवळ्याला वाईट वाटेल, पण जा.

डाउन्सबद्दल विचारलंत. ती वसुली लक्षात ठेवा. बास.

---

डबा_बाटली | शनिवार, सकाळी १०:०२

कौतुकाच्या पंगतीत माझा खडा.

जग अप्रतिम, मान्य. पण मिशन? घोड्यावर बस, सोबतच्याची बडबड ऐक, पोच, चाळीस माणसं मार, परत ये. जरा डोकं वापरून बाजूच्या टेकडीवर चढून वरून नेम धरावा म्हटलं तर 'सोबत्यांना सोडून गेलात, मिशन फेल'. बाहेर एवढं मोकळं रान दिलंय आणि मिशन सुरू झालं की बोट धरून शाळेत नेतात. ओपन वर्ल्ड फक्त मधल्या सुट्टीत.

आणि धागाकर्ते, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. निवड देत नाहीत, कारण त्यांना सिनेमा काढायचाय. डाउन्सला मारायचं की नाही हे लेखकाने आधीच ठरवलंय. मग बटण माझ्याकडून कशाला दाबून घेता? स्वतः दाखवा ना कटसीनमध्ये, म्हणजे नुसत्या बघायच्या प्रसंगात.

शिवाय हे सगळं तयार कसं झालं तेही आठवा. ऑक्टोबर २०१८ मध्ये रॉकस्टारचे, म्हणजे गेम बनवणाऱ्या कंपनीचे, डॅन हाउसर मुलाखतीत १०० तासांच्या आठवड्यांबद्दल कौतुकाने बोलून गेले. गदारोळ झाल्यावर खुलासा आला की ते फक्त चार वरिष्ठ लेखकांचं, तीन आठवड्यांपुरतं होतं. मग कंपनीतल्याच लोकांनी आपापले अनुभव मांडले. थंडीत घोड्याचे वृषण आकसतात म्हणून जगभर टाळ्या पडल्या होत्या. ते आकसवायला कोण किती रात्री जागलं असेल, याचा विचार करतो मी.

---

वाकडी_वाट | शनिवार, सकाळी १०:३०

डबा, शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण +१. मिशनबद्दलही बरंचसं पटतं.

पण डाउन्सबद्दल नाही. कटसीन असती तर पावशेर आज धागा काढून बसले असते का? बटण त्यांनी दाबलं म्हणूनच झोप गेली.

---

डबा_बाटली | शनिवार, सकाळी १०:४१

जबरदस्तीने दाबलेल्या बटणाचा पश्चात्ताप मला लागू होत नाही. मी तर 'चला, उरका' म्हणून दाबलं होतं.

---

पावशेर | शनिवार, दुपारी १:२०

डबा, स्ट्रॉसही बहुधा तेच म्हणत असेल.

(गंमत केली. रागावू नका.)

---

गुळपोळी | शनिवार, दुपारी २:०५

चर्चा फार वर चालली आहे, मी खालचा प्रश्न विचारते. भावाचा जुना पीसी, १०५० टीआय कार्ड, १६ जीबी रॅम. चालेल का?

---

हुप्प्या | शनिवार, दुपारी २:१८

चालेल. टेक्श्चर सोडून बाकी सगळं खाली आणा, ३० एफपीएसची (सेकंदाला ३० चित्रं) अपेक्षा ठेवा. एसएसडीवरच टाका, नाहीतर व्हॅलेंटाइन लोड होईपर्यंत गुळपोळी थंड होईल. आणि स्टीमवर घेतला तरी रॉकस्टारचा वेगळा लाँचर उघडतो, तिथे खातं काढावंच लागतं. ऑनलाइन भागासाठी घेत असाल तर नका घेऊ, त्यात २०२२ नंतर मोठं काही नवीन आलेलं नाही.

---

दप्तरदार | शनिवार, संध्याकाळी ६:५०

गेम खेळत नाही. नातू खेळतो, मी मागे खुर्चीत बसून बघतो. त्याला माझी अडचण होते, पण चष्मा त्याचाही जाड आहे, त्यामुळे दोघंही सांभाळून घेतो.

साल १८९९ फार विचार करून निवडलंय. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेनंतर सरकारी अहवालातच लिहिलं गेलं की आता सलग अशी 'सीमारेषा' उरलेली नाही. पश्चिमेला मोकळी जमीन संपली. म्हणजे ही टोळी पश्चिमेत पळतेय तेव्हा ती पश्चिम कागदोपत्री नऊ वर्षांपूर्वीच संपलेली आहे. डच सारखा 'आणखी थोडा पैसा, मग आपण मोकळे' म्हणतो. कुठे मोकळे? तारा, रेल्वे, बँका, सगळं येऊन बसलंय.

खऱ्या इतिहासातही त्याच वर्षी, २ जून १८९९ रोजी, वायोमिंगमध्ये विल्कॉक्सजवळ वाइल्ड बंच टोळीने युनियन पॅसिफिकची गाडी लुटली. त्यांच्या मागे लागले ते पिंकर्टनचे गुप्तहेर. १८५० च्या सुमारास ॲलन पिंकर्टनने काढलेली ही खाजगी कंपनी. सरकारी पोलीस नव्हेत, भाड्याचे. रेल्वेवाल्यांसाठी दरोडेखोर पकडायचे आणि कारखानदारांसाठी संप मोडायचे. १८९२ मध्ये होमस्टेडच्या पोलाद कारखान्यावर त्यांची आणि कामगारांची चकमक होऊन दोन्हीकडची माणसं मेली. गेममध्ये मिल्टन नावाचा जो सुटातला एजंट येतो तो यांचाच. कंपनी आजही आहे. गेम आल्यावर त्यांनी नाव वापरल्याबद्दल नोटीस धाडली, २०१९ च्या जानेवारीत प्रकरण कोर्टात गेलं आणि एप्रिलमध्ये मिटलं. गेमच्या कंपनीचं म्हणणं होतं, ऐतिहासिक नाव आहे, गोष्टीत वापरायला आम्ही मोकळे.

आता पावशेर यांच्या आजींच्या गोष्टीबद्दल. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजारात शेतकरी सावकारांवर तुटून पडले आणि ते लोण पुणे-नगरच्या गावागावांत गेलं. त्या दंग्याची खूण अशी की बहुतेक ठिकाणी माणसांना मारण्यापेक्षा लोकांना कागद हवे होते. कर्जखतं, रोखे, वह्या. हाती लागले की जाळायचे. कागद मुकाट दिले तर सावकाराला फारसा हात लावत नसत. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

तेव्हा स्ट्रॉसला बघून तुम्हाला जे झालं ते बरोबर झालं. त्या तळावर इतक्या बंदुका आहेत, पण मला सगळ्यात भीती वाटली ती त्याच्या वहीची.

---

बायू_बाई | शनिवार, रात्री ९:३३ (इथे सकाळ)

दप्तरदारकाका, वाचून छान वाटलं. तुमच्या नातवाला सांगा, आजोबांना मागे नको, शेजारी बसव.

मी लुइझियानात राहते. नवरा खेळत होता तेव्हा मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि म्हटलं, हे आपलं न्यू ऑर्लिन्स लावलंय का? लावलं होतं सेंट डेनिस. पावशेर अजून तिथे पोचलेले नाहीत म्हणून गोष्टीतलं काही सांगत नाही, फक्त हवा सांगते. ट्रामच्या तारा (इथली सेंट चार्ल्सची ट्राम १८९३ मध्ये विजेवर आली, म्हणजे काळ जुळतो), लोखंडी नक्षीच्या गॅलऱ्या, बाहेर पडलं की दलदल, ओक झाडांवरून लोंबणारं राखाडी शेवाळ. संध्याकाळच्या किड्यांचा आवाज इतका खरा की मी डासांचा स्प्रे शोधला. राज्याचं नाव लेमॉइन ठेवलंय. ज्या ल मॉइन भावांपैकी एकाने न्यू ऑर्लिन्स वसवलं, त्यांच्यावरूनच घेतलं असावं असं मला वाटतं.

जे खटकलं तेही सांगते. दलदलीतला उकाडा दिसतो, पण आर्थर तो जाड कोट घालून हिंडला तरी फार काही होत नाही. इथे ऑगस्टमध्ये असा कोट घालून दाखवा.

---

विरजण | शनिवार, रात्री १०:१०

[प्रतिसाद स्पॉयलरमुळे काढून टाकला आहे. संपादक]

---

वाकडी_वाट | शनिवार, रात्री १०:१२

विरजण, नाव सार्थ केलंत. ते मूल होऊन आठ वर्षांनी गेमपाशी पोचले आहेत हो!

---

विरजण | शनिवार, रात्री १०:२६

माफ करा. पेशाने डॉक्टर आहे, राहवलं नाही.

---

वाकडी_वाट | शनिवार, रात्री १०:२७

संपादक!! हाही काढा!!

---

पावशेर | रविवार, रात्री ११:५५

मी दिवसभर इथे नव्हतो, त्यामुळे पहिला वाचला नाही. दुसरा वाचला, आणि त्यावर विचार करायचा नाही असं ठरवलंय.

इथे नव्हतो, कारण ढवळ्या गेला.

लेक इझाबेलाला निघालो होतो. वाटेत एका कड्यावर लांडगे मागे लागले. मी पळवायचं बटण बडवत सुटलो, आईने सांगितलं होतं 'दमलाय तो', ऐकलं नाही. घोडा बुजला, पाय घसरला, दोघंही खाली. आर्थर उठला. ढवळ्या पडून मान हलवत होता. त्याला उठवायचं औषध मिळतं म्हणे दुकानात; मी घेतलं नव्हतं, टोपी घेतली होती. मग गेमने उरलेला एकच पर्याय दिला.

खोगीर काढून खांद्यावर घेतलं आणि बर्फातून चालत सुटलो. घोडा नसला की हा नकाशा किती मोठा आहे ते कळतं. लोड करून मागे जाता आलं असतं. केलं नाही. डाउन्सच्या वेळी दोनदा लोड केलं होतं, तेव्हा काय बदललं?

---

डबा_बाटली | सोमवार, सकाळी ८:४०

वाईट झालं. मनापासून.

(पण ढवळ्या हे बैलाचं नाव असतं हे कुणीच कसं बोललं नाही? मी शुक्रवारपासून गप्प बसलोय.)

---

दप्तरदार | सोमवार, सकाळी ९:०५

बैलाचंच. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. नातवाने टोळीतला तो वाह्यात गडी मायका दाखवला तेव्हा मी हीच म्हण त्याला सांगितली होती. त्याने विचारलं, "यात ढवळ्या कोण?" मला अजून उत्तर देता आलेलं नाही. आधी वाटलं, डच. आता खात्री नाही.

---

गुळपोळी | सोमवार, दुपारी १२:३०

चालला!! २८-३० एफपीएस. पण भाऊ म्हणतो बर्फात काहीच घडत नाहीये, परत करू का. दोन तासांना दहा मिनिटं बाकी आहेत.

---

हुप्प्या | सोमवार, दुपारी १२:३१

हात धरा त्याचा.

---

पावशेर | सोमवार, रात्री ११:१०

गुळपोळी, दहा मिनिटं त्याला चहा प्यायला पाठवा.

इकडची खबर: पांढरा अरबी मिळाला नाही. तीनदा दोर टाकला, तीनदा तोंडावर आपटलो. शेवटी चालत, मग रस्त्यात भेटलेल्याच्या मागे बसून व्हॅलेंटाइनला आलो आणि तबेल्यातून एक साधा तपकिरी घोडा घेतला, परवडला तो. दुकानातून औषधाच्या दोन बाटल्या घेतल्या. नाव काय ठेवलं ते ओळखलंच असेल.

आईने तो पाहिला, म्हणाली, "हा वेगळा आहे. तो कुठे गेला?" मी म्हटलं, तबेल्यात ठेवलाय, विश्रांतीला.

तळावर गेलो तर स्ट्रॉस वही उघडून बसला होता, हाक मारायच्या बेतात. मी पवळ्याला वळवलं आणि मासे धरायला गेलो.